माझ्या सहीची ज्वारी

एके काळी चुडाव्याच्या पंचक्रोशीत माझ्या सहीवर बकरी मिळत असे. आज तीच सही पोस्टात जुळत नाही म्हणून खिडकीवरचा माणूस मला दोन-दोनदा परत पाठवतो. काळाचा महिमा म्हणतात तो हाच असावा. पण त्या सहीची हकीकत सांगण्यासारखी आहे. अर्थशास्त्राची जाड पुस्तकं मी उतारवयात चाळली. त्यांत जे लिहिलेलं असतं ते आमच्याकडे एका पत्र्याच्या गोदामात, कुणालाही न कळता, घडून गेलं होतं. घडवणाऱ्यांपैकी मी एक होतो, आणि मलाही कळलं नव्हतं.

निजामाचं राज्य होतं, आणि जगाची दुसरी लढाई जोरात होती. चुडावा स्टेशनाच्या पलीकडे हरकचंद शेठचं धान्याचं गोदाम होतं. तिथे मी मुन्शी. उर्दू शाळेत शिकलेलो असल्यामुळे सरकारी कागद वाचता येत, आणि घरची मराठी असल्यामुळे शेतकऱ्याशी बोलता येई. एवढ्या भांडवलावर मला पंधरा रुपये हाली पगार होता. हाली म्हणजे निजामाचा रुपया. इंग्रजी हद्दीत गेलं की तो बट्ट्याने चाले, म्हणजे माझा पगार पैनगंगेच्या अलीकडे पंधरा आणि पलीकडे बारा-तेरा असे.

गोदामाचं काम साधं होतं. सुगी झाली की शेतकरी ज्वारी घेऊन यायचे. भाव चढेपर्यंत माल ठेवायचा, एवढाच त्यांचा हेतू. आम्ही पोतं तोलायचो, लोखंडी नळी खुपसून चार दाणे बाहेर काढायचो, ओल नाही, कीड नाही असं पाहून पोतं थप्पीला लावायचो. मग मी रसीद लिहायचो: एवढी पोती, अमुक प्रतीची ज्वारी, खाली माझी सही आणि शेठचा शिक्का. माल न्यायला आला की त्याला त्याचंच पोतं मिळे असं नाही, त्याच प्रतीचं दुसरं मिळे, आणि रसीद फाडून टाकली जाई. ज्वारीच्या पोत्याला कुठे नाव असतं?

रसिदेवर एक ओळ मात्र शेठनी मुद्दाम घालायला लावली होती. माल न्यायला कधी शेतकरी यायचा, कधी त्याचा मेहुणा, कधी जावई, आणि मग 'हा आमचा न्हाई' म्हणून तंटे व्हायचे. त्याला कंटाळून शेठ म्हणाले, "मुन्शीजी, लिहा, जो रसीद घेऊन येईल त्यास माल द्यावा. नातं बघायचं काम आपलं न्हाई."

या एका ओळीनं पुढचं सगळं केलं.

लढाईच्या दिवसांत सुटी नाणी बाजारातून गायब झाली. कुणी म्हणे सरकारनं तांबं तोफांना नेलं, कुणी म्हणे बायकांनी मडक्यात पुरलं. मोड द्यायला पैसा नाही म्हणून दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवू लागले. सरकारी नोटेवर लोकांचा विश्वास नव्हता. पण ज्वारी सगळ्यांना कळत होती, आणि तिचा भाव रोज चढत होता. एके दिवशी एका शेतकऱ्यानं बैलाची किंमत म्हणून आमची आठ पोत्यांची रसीद दिली. घेणाऱ्यानं ती घेतली. झालं. महिनाभरात लोक म्हणू लागले, "मुन्शीजी, दहा पोत्यांची एकच रसीद नगं, एकेका पोत्याच्या दहा द्या." का, तर मोड पाहिजे. पुढे अर्ध्या पोत्याच्या रसिदा लिहाव्या लागल्या. माझी बोटं शाईनं निळी झाली. गोदामात पाऊल न टाकलेल्या लोकांकडून माझ्या रसिदा परत येऊ लागल्या. एखादीला हळदीचा वास, एखादीला विडीचा, एखादीवर देवळातल्या तेलाचा डाग.

मग एक दिवस सरकारलाही जाग आली. तहसील कचेरीतला एक साहेब टांग्यातून उतरला. हातात माझ्या तीन रसिदा.

"क्यों मुन्शी, ये नोटां तुम छापते क्या?"

"नोटा नाहीत साहेब, रसिदा आहेत."

"बाजार में सौदा इससे होरा. सिक्का चलाना सरकार का काम है. कल को तुम टकसाल खोलेंगे?"

मी घाबरलो. शेठ घाबरले नाहीत. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, पान दिलं आणि हात जोडून विचारलं की हुजूर, बाजारात सुटे पैसे कधीपर्यंत येतील? साहेबांनी पान तोंडात टाकलं. मग म्हणाले की हा प्रश्न ते वर पाठवतील आणि तोपर्यंत चौकशी चालू राहील. निघताना तीन रसिदा पुरावा म्हणून खिशात घातल्या. त्या तीन रसिदांचा माल पुढल्या आठवड्यात त्यांच्या शिपायानं येऊन नेला. चौकशीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

या रसिदांचा सर्वांत मोठा साठा ज्या बाईकडे होता तिची आता ओळख करून देतो. भागाबाई धनगर. वय साठीचं, हातात काठी, मागे दोनेकशे मेंढरं. हिवाळा-उन्हाळा ती पूर्णेच्या काठानं गावोगाव फिरायची. शेतकरी तिची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, कारण लेंड्यांसारखं खत नाही. त्याबद्दल तिला ज्वारी मिळायची. पूर्वी ती मिळेल तेवढी खायची आणि उरलेली मिळेल त्या भावात विकायची, कारण साठवायची कुठे? रसिदा चालू झाल्यावर तिला लोक रसिदाच देऊ लागले. तिला वाचता येत नव्हतं. ती शिक्क्याकडे बघायची नाही, माझी सही बोटानं चाचपायची आणि कमरेच्या पिशवीत ठेवायची. एकतीस पोती तिच्या नावे झाली, म्हणजे 'नावे' नव्हेच, पिशवीत झाली.

"मुन्शी, तुमची सही मुंगीवानी हाय," ती म्हणायची. "कुणाला काढता यायची न्हाई."

आणि याच सुमारास मी आठ दिवसांसाठी मेहुण्याच्या लग्नाला सोनपेठला गेलो.

परत आलो तर गोदाम होतं तसंच होतं. पण मागच्या भिंतीकडची थप्पी माझ्या ओळखीची वाटेना. रचणाऱ्याचा हात वेगळा होता. मी शिडी लावून वर चढलो. थप्पीला बाहेरून एक रांग पोत्यांची, वरून फळ्यांवर एक थर, आणि आत काही नाही. विहिरीसारखी पोकळ. मी वर बसून मोजलं. जेवढ्या रसिदा बाजारात होत्या त्यांच्या तीन भागांतला एक भाग ज्वारी गोदामात नव्हती.

शेठकडे गेलो तेव्हा ते ओसरीत सुपारी कातरत होते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं.

"बसा. घामाघूम झालात. ज्वारी वॅगनमधून हैदराबादला गेली. भाव चांगला आला."

"पण शेठजी, ती लोकांची होती!"

"हाय ना, अजून बी लोकांचीच हाय." त्यांनी मला अंगणात नेलं. तिथे लाकडी खोक्यात गवतात गुंडाळलेलं एक इंजिन होतं. "तेलाची गिरणी टाकायलोय. करडई, जवस, शेंग, समदं इथून परभणी-नांदेडला जातंय अन् तेल होऊन दुप्पट भावानं परत येतंय. इथंच काढू. मुन्शीजी, ज्वारी झोपून होती. उंदरं पोसत होती. तिला उठवून कामाला लावली."

"अन् लोक न्यायला आले तर?"

"समदे एकाच दिवशी येत नसतात," शेठ म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात बँकेचा कारभार कसा चालतो त्यावर दहा पानं वाचली. दहा पानांत हे एकच वाक्य होतं, आणि शेठइतकं चांगलं मांडलेलं नव्हतं.

मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. पुढच्या महिन्यापासून माझा पगार वीस रुपये झाला. मी नको म्हणालो नाही, हेही इथे लिहून ठेवतो. घरी बायकोला सांगितलं की शेठ माझ्या कामावर खूश आहेत. तिनं गूळ आणून शेजारी वाटला.

सहा महिने कोणालाही संशय आला नाही. मग स्टेशन मास्तर पूर्णा गावच्या बाजारात कुणाशी तरी बोलता-बोलता हसून म्हणाले की हरकचंद शेठच्या ज्वारीला पाय फुटलेत, रसीद न फाडता वॅगनमध्ये चढते. बोलणं थट्टेचं होतं. बाजारात थट्टा राहत नाही.

पुढल्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी गोदामाचं कुलूप काढायला गेलो तर दारासमोर बैलगाड्यांची रांग. सगळ्यात पुढे शेजारच्या गावचे किसनराव पाटील. मोठे जमीनदार; एरवी त्यांचा गडी यायचा. आज स्वतः, हातात वीस रसिदा.

"मुन्शीजी, माल काढा."

"पाटील, आजच का? भाव चढायलाय अजून."

"चढू द्या. माझी जवारी माझ्या घरात चढंल."

शेठ गिरणीच्या बांधकामावर होते. निरोप पाठवला तर उलटा निरोप आला: द्या, पण बेतानं. मी बेतानं द्यायला सुरुवात केली. प्रत्येक पोतं पुन्हा तोललं. प्रत्येकात नळी खुपसली. प्रत्येक दाणा उन्हात धरून बघितला. हमालांना मध्ये पाणी प्यायला सोडलं, तराजूचा काटा दोनदा तपासला. आयुष्यात इतकं चोख काम मी कधी केलं नाही, आणि इतक्या वाईट हेतूनं तर कधीच नाही. तरी दुपारपर्यंत पुढच्या दोन थप्प्या रिकाम्या झाल्या. आता तिसरी, आणि मग ती पोकळ. लोकांचे आवाज चढायला लागले होते. एकजण म्हणाला, "मुन्शीला आधी बांधून ठेवा, मग पोती काढा." सगळे हसले. मी पण हसलो. हमाल हसले नाहीत.

तेवढ्यात भागाबाई आली. मेंढरं ओढ्याला सोडून एकटीच, काठी टेकत.

"कशाची जत्रा भरलीय, मुन्शी?"

मी बोलायच्या आत किसनराव म्हणाले, "भागाबाय, तुजी पिशवी सोड. आतली जवारी संपायलीय म्हणतेत. आत्ता न्हाई घेतली तर कागुदच राहील."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्याकडे किती रसिदा आहेत ते सर्वांना माहीत होतं. तिनं एकतीस पोती मागितली असती तर पोकळ थप्पीला हात घालावा लागला असता. ती सरळ गोदामात शिरली. मी मागून गेलो. ती थप्प्यांच्या मधून चालत गेली, काठी प्रत्येक थप्पीवर हलकेच आपटत, जशी मेंढरांच्या पाठीवर आपटतात. मागच्या थप्पीपाशी थांबली. पुन्हा एकदा काठी आपटली. मग माझ्याकडे वळली.

"हाय का माजी जवारी?"

"हाय, मावशी."

तिनं कमरेच्या पिशवीची गाठ घट्ट केली. मग दारात जाऊन उभी राहिली आणि मेंढरांना हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "मुन्शी म्हणतो, हाय. अन् मी नेऊ कुठं? माजं घर घोड्याच्या पाठीवर. एकतीस पोती काय शिंगरावर लादू? पावसात भिजंल, उन्हात किडंल. राहू द्या हितंच." आणि हमालाकडे पाणी मागितलं.

किसनरावांच्या गाड्या भरलेल्या होत्या. वीस पोत्यांच्या ओझ्यानं एक जुवाखालचा बैल बसला होता. त्यांनी बैल उठवला आणि गाड्या घराकडे वळवल्या. मागचा एक म्हातारा म्हणाला, "हिची एवढी राहतीय तर माज्या चार पोत्यांनी काय घोडं मारलं?" तो गाडी वळवून गेला. मग दोघे गेले. ऊन कललं तोवर रांग उरली नाही. आणि दुसऱ्या दिवशी किसनरावांचा गडी वीसपैकी सहा पोती परत घेऊन आला. पाटलांच्या घरात जागा नव्हती. मी त्याला सहा नव्या रसिदा लिहून दिल्या. खाली सही तीच.

गिरणी चालू झाली. उद्घाटनाला तेच तहसीलचे साहेब आले, आणि मुल्काच्या तरक्कीवर, म्हणजे राज्याच्या प्रगतीवर, अर्धा तास बोलले. त्यांच्या मते ही तरक्की सरकारच्या कडक नजरेमुळे झाली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मी होतो. पण खोटं म्हणता येत नव्हतं: तरक्की झालीच. इंजिनाचा फट्-फट् आवाज दोन गावांपर्यंत जाई. लोकांनी करडईचं रान वाढवलं. स्टेशनावर चहाची दोन हॉटेलं निघाली. तेलाच्या पैशातून पुढच्या सुगीत शेठनी ज्वारी विकत घेऊन थप्पी भरली. मी शिडीनं वर चढून आत हात घातला. खालपर्यंत दाणा होता. त्या दिवशी मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

त्यानंतर एका वर्षानं भागाबाई सोळा पोती न्यायला आली. नातीचं लग्न होतं. मी ती काढून दिली, आणि न राहवून विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला खरंच नेता येत नव्हती का?"

ती हसली नाही.

"भरल्या थप्पीवर काठी मारली की मुकी राहती. ती थप्पी बोलली."

 "म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर माज्या एकतीस पोत्यांचं काय झालं असतं? दहा मिळाली असती, बाकीचा कागुद चुलीला. एक मेंढरू उधळलं की समदा कळप उधळतो, बाबा. थांबवायचा तर पुढचं एखादं जनावर उभं करावं लागतंय. म्हणलं, आज आपणच उभं राहावं."

 पोती गाडीत चढत होती. तिनं शेवटचं पोतं मोजलं आणि मग म्हणाली, "शेठ खोटं बोलला असता तर मला काय वाटलं नसतं. त्येचा धंदाच हाय. तुमी बोललात, ते मला लय लागलं. म्या शेठचा शिक्का बघून कागुद ठेवला न्हवता."

 बरेच लोक म्हणतील की परिणाम चांगला झाला, कुणाचं काही बुडालं नाही, गिरणी झाली. मीही स्वतःला तेच सांगत आलो. एवढंच की ज्या माणसांच्या ज्वारीवर ती गिरणी उभी राहिली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि ज्या बाईनं ती वाचवली, तिला उद्घाटनाला कुणी बोलावलं नव्हतं.

पुढे इंग्रज गेले, आणि निजामाच्या राज्यात लुटालूट-जाळपोळीची गडबड सुरू झाली. शेठ बायका-मुलांना घेऊन पैनगंगेपलीकडे गेले. जाण्याआधी त्यांनी सगळ्या रसिदा मागवून घेतल्या आणि माल दिला. एकही रसीद बुडवली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भागाबाईची राहिलेली पंधरा पोती मी स्वतः तिच्या तळावर पोहोचवली. तिनं पिशवी रिकामी केली, रसिदा मला परत दिल्या, आणि पहिल्यांदा ज्वारी मोजून घेतली नाही. तो विश्वास होता की नाराजी, ते मी तिच्या तोंडावरून ओळखू शकलो नाही. त्यानंतर ती मला भेटली नाही.

गिरणी बंद पडली, गोदामाला कुलूप लागलं. निजामाचं राज्य गेलं, त्याचा रुपयाही गेला. आणि काही वर्षांनी एक खरीखुरी बँक जिल्ह्यात आली. ती मालावर कर्ज द्यायची, म्हणून तिला गोदाम सांभाळणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला. शहरातून आलेला तरुण मॅनेजर समोर बसला होता.

"बँकेच्या कामाचा काही अनुभव?"

"नाही साहेब."

"ठीक आहे. काम सोपं आहे. रसिदेवर जेवढी पोती, तेवढीच आत. एकही कमी चालणार नाही. हा नियम मोडला तर काय होतं, कल्पना आहे?"

"कधी कधी तेलाची गिरणी होते, साहेब," मी म्हणालो.

त्यांना तो विनोद वाटला. खूप हसले, आणि म्हणाले, उद्यापासून या.